डबा दोषी ठरवण्याआधी

इंजिनाच्या डाव्या अंगाला, रबरी बुशांवर बसवलेला वहीच्या आकाराचा चपटा ॲल्युमिनियमचा डबा. त्यात दोन जाड कपलर घुसलेले आणि प्रत्येकातून तारांचा जुडगा निघून चेसीसवर, केबिनमध्ये, इंजिनाच्या पोटात पांगलेला. गॅरेजवाले त्याला ईसीएम म्हणतात. माझे तासगावचे मामा नुसतं ‘डबा’ म्हणतात, आणि ट्रकमधल्या इतर कुठल्याही वस्तूबद्दल त्यांच्या आवाजात जी काळजी कधी ऐकली नव्हती ती या शब्दात असते. टायर फुटला तर टायर दिसतो. पाटा तुटला तर गाडी एका अंगाला कलते. डबा बिघडतो तेव्हा बाहेरून काहीच बदललेलं नसतं; फक्त गाडी चालत नाही.

हा डबा नेमकं काय करतो, ते एकदा आकड्यांत बघण्यासारखं आहे. सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ७५ वेळा कुठल्या ना कुठल्या सिलिंडरमध्ये डिझेल फवारावं लागतं. त्या गतीला क्रँक एक अंश फिरायला सेकंदाचा नऊ हजारावा भाग लागतो, आणि एखाद-दुसऱ्या अंशाची चूकसुद्धा आवाजात, धुरात, डिझेलच्या खर्चात दिसते. क्रँकच्या चाकावर दात असतात, त्यांतले एक-दोन मुद्दाम गाळलेले. समोरचा सेन्सर ती मोकळी जागा ओळखतो आणि तिथून डबा अंश मोजायला लागतो. सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, म्हणजे रेलमध्ये, हजार-दीड हजार बारच्या दाबानं डिझेल तुंबलेलं असतं. इंजेक्टरची कॉइल चटकन उघडायला बॅटरीचे २४ व्होल्ट पुरत नाहीत, म्हणून डबा आपल्या आतल्या कपॅसिटरमध्ये त्याहून बराच जास्त व्होल्टेज साठवून ठेवतो आणि प्रत्येक फवाऱ्याच्या सुरुवातीला त्याचा एक झटका देतो. हे सगळं गरम इंजिनाला चिकटून, धुळीत, पावसात, खड्ड्यांतून चाललेलं असतं. काही इंजिनांत डब्याच्या पाठीमागून डिझेलची वाट काढलेली असते, म्हणजे टाकीतून पंपाकडे जाणारं डिझेल वाटेत डब्याला थंड करतं.

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मामांची आधीची गाडी मी लहानपणापासून पाहिलेली. तिला इनलाइन पंप होता, ज्याला आमच्याकडचे सगळे मिस्त्री ‘मायको पंप’ म्हणत. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात १९२७ पासून तयार होऊ लागलेला हा पंप पुढची कितीतरी दशकं जगभरच्या ट्रकांना पुरला. त्याचं टायमिंग जुळवताना मिस्त्री पहिल्या सिलिंडरची नळी सोडायचे, फ्लायव्हील बारीने हळूहळू फिरवायचे, आणि ठिबकणारं डिझेल जिथं थांबेल ती खूण धरायचे. डोळा, कान आणि बोटांची जाण यावर चालणारं ते काम होतं. घाटात बंद पडलेली गाडी पाना आणि तारेच्या तुकड्यावर गावापर्यंत आणल्याच्या कहाण्या मामांकडे भरपूर आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पण ती गाडी चढाला लागली की मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर काळा ढग सोडायची, हेही तितकंच खरं. तो पंप दुरुस्त करायला सोपा होता. स्वच्छ मात्र नव्हता.

२०१७ मध्ये मामांनी गाडी बदलली. सर्वोच्च न्यायालयानं २९ मार्चला निकाल दिला की १ एप्रिलपासून बीएस-३ या जुन्या प्रदूषण-मानकाची वाहनं विकता येणार नाहीत. कंपन्यांकडे तेव्हा अशी आठ लाखांहून जास्त वाहनं पडून होती आणि उरलेल्या दोन दिवसांत भाव धडाधड पाडले गेले. अड्ड्यावरचे बरेच जण म्हणाले, मिळतेय तर जुनी घे, तिच्यात भानगड नाही. मामांनी बीएस-४ घेतली. दोन्हींतला फरक कागदावर असा होता: मोठ्या डिझेल इंजिनासाठी नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा ५ वरून ३.५ ग्रॅमवर आली आणि काजळीची ०.१० वरून ०.०२ ग्रॅमवर, दर किलोवॅट-तासाला. काजळी पाच हिश्शांतली एका हिश्शावर. एवढी उडी बोटांच्या जाणिवेवर मारता येत नाही. त्यासाठी डबा लागतो.

ती गाडी आता जुन्यांत जमा झाली आहे. फायनान्सचे हप्ते फिटलेत, पासिंग आता वर्षाच्या वर्षाला करावं लागतं, आणि एका ट्रकच्या मालकासाठी ट्रक खरी कमाई करायला लागतो तो याच वयात. नेमक्या याच वयात इलेक्ट्रॉनिक्स थकायला लागतं.

बिघाड पहिल्यांदा दिसला तो परतीच्या फेरीत, खंबाटकीच्या चढाला. पुण्याकडून येताना घाट चढावा लागतो, इंजिन तापतं, आणि तिथं गाडी एकदम दम टाकून बंद पडली. थोडा वेळ उभी राहिली, थंड झाली, आणि काही झालंच नाही अशी चालू झाली. पुढच्या फेरीला तसंच. स्कॅनर लावला की एकाच वेळी कोडांची रांग: रेलचा दाब नाही, टर्बोची हवा नाही, ॲक्सिलरेटरचं पेडल नाही. एका गॅरेजानं रेलचा सेन्सर बदलला, दुसऱ्यानं पेडल बदललं. मग तिसऱ्या ठिकाणी निकाल लागला: “डबा गेला.”

हा निकाल इतका पटकन दिला जातो याचा मला राग आहे. ज्याच्या आत काय चाललंय ते कळत नाही त्याच्यावर दोष ढकलणं सोपं असतं, आणि त्या ढकलण्याची किंमत मालक भरतो, दहा-दहा हजारांच्या पटीत. नवा डबा बसवल्यावर गाडी पुन्हा तशीच बंद पडली, तर इलेक्ट्रॉनिक्सचा भाग परत घ्यायला कुणी तयार होत नाही.

मामांनी गाडी मिरजेच्या बाहेर एका वायरमनकडे नेली आणि मला बोलावून घेतलं. “तू ये गं, तू शिकवतीस न्हवं ह्येच,” एवढंच म्हणाले. वायरमन काका पन्नाशीचे. शाळा दहावीच्या अलीकडेच सुटलेली. त्यांनी स्कॅनर आधी लावलाच नाही. डब्याचा कपलर काढला, पुरवठ्याच्या आणि अर्थिंगच्या पिना शोधल्या, आणि त्यांच्यामध्ये हेडलाइटचा २४ व्होल्टचा, ७० वॅटचा बल्ब लावला. लख्ख पेटला. मग तारांचा जुडगा, म्हणजे हार्नेस, हातात धरून हलवला, पिळला, चेसीसवरची अर्थिंगची जागा खरवडून पुन्हा आवळली. बल्ब तसाच लख्ख.

“मीटर का नाही लावला?” मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून हवं होतं.

“ताई, तार आतनं कुजून एक केस उरला असला तरी मीटर चोवीसच दावतंय. मीटर काय खातच न्हाई. बल्ब खातोय.”

मीटरची अंतर्गत रोधकता काही मेगाओहम असते. त्यातून वाहणारा प्रवाह इतका नगण्य की कुजलेल्या तारेवरही व्होल्टेज घटत नाही. बल्ब तीन अँपिअरच्या आसपास ओढतो. कुजलेल्या तारेत तेवढं बळ नसतं आणि तो मंद होतो. माझ्या वर्गात ही गोष्ट फळ्यावर चार ओळींत संपते. इथं त्या चार ओळींवर एका कुटुंबाचा महिन्याचा खर्च टांगलेला होता, आणि माणूस ते जाणून सावकाश, एकेक पायरीनं चालला होता. डब्यापर्यंत वीज पोचते, हे आधी सिद्ध झालं. म्हणजे संशयाचं एक मोठं दार बंद.

दुसरा संशय पाच व्होल्टवर. डबा आपल्या सेन्सरांना पाच व्होल्टचा पुरवठा करतो, आणि एकाच पुरवठ्यावर अनेक सेन्सर असतात. त्यातल्या एकाची तार कुठे घासून चेसीसला टेकली की सगळ्यांचेच पाच व्होल्ट बसतात आणि स्कॅनरवर कोडांची रांग लागते. म्हणून तीन-चार सेन्सर एका क्षणी मेलेले दिसले, तर त्या सगळ्यांना जोडणारं काय आहे ते बघायचं. सेन्सर बदलत बसायचं नाही. काकांनी एकेक कपलर काढला. बिघाड तापल्यावरच येत होता, म्हणून स्लीव्ह आवळायची गरम हवेची गन घेऊन त्यांनी डबा शेकला. पाच व्होल्ट खाली आले. सगळे सेन्सर सुटे, तरी खाली. मग दोष हार्नेसमध्ये की डब्यात? सुईनं त्यांनी कपलरमधली ती एक पिन सोडवून मागं ओढली, म्हणजे ती तार डब्यापासून पूर्ण तुटली. मोकळ्या भोकातून बारीक प्रोब थेट डब्याच्या पिनवर टेकवला. गन चालू: व्होल्टेज खाली. ओलं फडकं डब्यावर: व्होल्टेज वर. पुन्हा गन, पुन्हा खाली.

आता डबा दोषी. बाहेर काही जोडलेलंच नव्हतं, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही. मी अनेक प्रयोगशाळा पाहिल्या आहेत; इतकी नितळ सिद्धता कमी ठिकाणी पाहिली.

तापल्यावर येणारा आणि थंड झाल्यावर जाणारा दोष बहुधा झाळेच्या सांध्यात असतो. सिलिकॉनची चिप तापल्यावर जेवढी फुगते त्याच्या पाच-सहापट तिच्याखालची सर्किटची पाटी फुगते. चिपचं कवच आणि तिचे पाय यातला बराच ताण झेलतात, उरलेला सांध्यावर येतो. गाडी रोज तापते, रोज थंड होते, वर रस्त्याचे हादरे. वर्षानुवर्षं ताणला गेलेला सांधा केसाएवढा तडकतो. यात कुणाची चूक नसते. पण डबे माणसांच्या सवयींनीही मरतात, आणि त्या बहुतेक सवयी जुन्या गाडीवर लागलेल्या आहेत. चेसीसवर वेल्डिंग करताना बॅटरी आणि डब्याचे कपलर न काढणं. डायनामो तपासायला चालू गाडीची बॅटरीची तार काढणं: जुन्या गाडीत दिवे तसेच राहिले की डायनामो ठीक एवढाच अर्थ होता, आता बॅटरी सुटताच डायनामोचं व्होल्टेज उसळतं आणि समोर जे इलेक्ट्रॉनिक्स असेल त्याला फोडतं. दोन बॅटऱ्यांच्या जोडीतल्या एकीवरूनच टेपसाठी १२ व्होल्ट काढणं, ज्यामुळे एक बॅटरी कायम उपाशी आणि दुसरी कायम जादा भरलेली. दिवाळीतल्यासारख्या माळांसाठी हार्नेस सोलून मारलेले जोड. ड्रायव्हरला हे कुणी सांगितलेलं नसतं. गाडी विकताना शोरूममध्ये मायलेजबद्दल भरपूर बोलणं होतं. वेल्डिंगआधी कोणते दोन कपलर काढायचे ते दाराच्या आतल्या बाजूला मराठीत छापायला कितीसा खर्च येईल?

डबा बदलणं म्हणजे चार बोल्ट आणि दोन कपलर. खरं काम त्यानंतर येतं, आणि काकांनी ते आधी सुरू केलं. “थंड हाय तवर बोलतोय. जिवंत हाय तवर त्याच्याकडनं सगळं लिहून घ्या,” ते म्हणाले. आता त्यांनी स्कॅनर लावला. सहा इंजेक्टरांचे सहा कोड एकेक करून स्क्रीनवर आणले, मी ते वहीत उतरवले, आणि मग इंजेक्टरांच्या डोक्यावर कोरलेल्या अक्षरांशी ताडून पाहिले.

हे कोड कशाला? एकाच कारखान्यात, एकाच दिवशी घडवलेले दोन इंजेक्टरसुद्धा तंतोतंत सारखे नसतात. सुईची उठण, भोकांचा व्यास, स्प्रिंगचा जोर यांत मायक्रॉनांचा फरक राहतोच, आणि इतक्या दाबाला मायक्रॉनांचा फरक म्हणजे डिझेलचा फरक. म्हणून अशा इंजेक्टरांची कारखान्यात चाचणी होते, तो किती देतो ते मोजलं जातं, आणि ते माप अक्षर-आकड्यांच्या कोडात कोरतात. डबा तो कोड वाचून त्या सिलिंडरला क्षणभर जास्त किंवा कमी वेळ देतो. कोड न भरता, किंवा दुसऱ्या गाडीचे कोड घेऊन आलेला डबा बसवला तर इंजिन सुरू होईल, पण खडखडेल, धूर टाकेल, आयडलला थरथरेल. कुर्ल्याच्या किंवा दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगारात तेच कवच असलेला डबा मिळू शकतो. आतला डेटा दुसऱ्याच गाडीचा, कदाचित वेगळ्या अश्वशक्तीचाही असतो.

हा डेटा डब्यात राहतो कसा, ते शिकवताना मला अजूनही नवल वाटतं. १९६७ मध्ये बेल लॅबमध्ये दावोन कांग आणि सायमन झी यांनी सगळीकडून काचेसारख्या ऑक्साइडनं वेढलेल्या एका सूक्ष्म पट्टीवर इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायची युक्ती मांडली. बाहेरचा पुरवठा गेला तरी कोंडलेले इलेक्ट्रॉन जागचे हलत नाहीत, आणि ते आहेत की नाहीत यावरून चिप एक किंवा शून्य वाचते. पुढे त्याच कल्पनेतून तोशिबाच्या फुजिओ मासुओकांची फ्लॅश मेमरी आली. पण ते कोंडणं कायमचं नसतं. चिप बनवणारे सहसा दहा किंवा वीस वर्षांची हमी देतात, आणि उष्णतेनं ती मुदत घटते. ट्रक त्याहून जास्त जगू शकतो. म्हणजे इंजिन धडधाकट असताना गाडीची आठवण झिजून जाण्याची वेळ येणार आहे, आणि ती लाखो गाड्यांवर येणार आहे.

नवा डबा कोरा येतो. त्यात कंपनीच्या सर्व्हरवरून त्या गाडीच्या चेसीस नंबरप्रमाणे डेटा भरावा लागतो, आणि तो भरणारा लॅपटॉप फक्त अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे. मामांची बंद गाडी टो करून तिथवर न्यावी लागली. डबा यायला वेळ लागला. उभ्या गाडीचं भाडं बुडतं, ड्रायव्हरचा पगार आणि इन्शुरन्स चालूच राहतात. डेटा भरला गेला, आम्ही नेलेले सहा कोड टाकले गेले, इंजिन पहिल्या फटक्यात गुळगुळीत चाललं. मामांनी भरलेल्या डेटाची एक प्रत मागितली, पुढं कधी पुन्हा गरज पडली तर असावी म्हणून. मिळाली नाही. तो कंपनीचा आहे, असं उत्तर आलं.

कंपन्यांच्या बाजूनं एक गोष्ट खरी आहे आणि ती डावलून चालणार नाही. ज्या वाटेनं डेटा भरता येतो त्याच वाटेनं तो बदलताही येतो. धूर स्वच्छ करणारा युरिया बंद करून देणारे, थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी ईजीआर ‘उडवून’ देणारे लोक हायवेच्या कडेला सापडतात. बीएस-४ चा ट्रक त्यांच्या हातून बाहेर पडतो तो बीएस-३ पेक्षाही घाण हवा टाकत. मामांनाही कुणीतरी तसं सुचवलं होतं, युरियाचे पैसे वाचतील म्हणून. “धूर कुठं जातोय? आपल्याच पोरांच्या नाकात,” म्हणून त्यांनी नकार दिला. पण कुलूप कुठल्या दाराला लावायचं ते ठरवता येतं. फवाऱ्याच्या आणि युरियाच्या नकाशांवर, म्हणजे केव्हा किती सोडायचं त्या तक्त्यांवर, कंपनीची डिजिटल सही असू दे. सही जुळली नाही तर डबा तो नकाशा घेणार नाही, हे तंत्र अवघड नाही. त्या सहीसकट तयार फाइल गाडीमालकाला त्याच्या चेसीस नंबरावर मिळायला, इंजेक्टरांचे कोड गावच्या वायरमनला टाकता यायला, आणि स्कॅनरवरच्या बिघाडाच्या कोडांचे अर्थ उघड्यावर यायला त्या सहीची काही आडकाठी नाही.

हे स्वप्नरंजन नव्हे. बीएसचे टप्पे आपण युरोपच्या नियमांवरून घेतले. अवजड वाहनांसाठीच्या युरोपच्या २००९ च्या युरो-६ नियमातच स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीची माहिती देण्याचं बंधन आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये गाडीमालकाला दुरुस्तीसाठी स्वतःच्या गाडीच्या सॉफ्टवेअरचं कुलूप उघडण्याची सूट कॉपीराइटच्या कायद्याखाली मिळाली. आपल्याकडे स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांना न देण्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. प्रकरण पुढं अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टल म्हणजे माहिती एकत्र ठेवण्याची जागा. मिरजेच्या वायरमनला सहा कोड टाकण्याची परवानगी देणारा कायदा त्यात नाही.

मला हे तातडीचं वाटतं, कारण बीएस-६ च्या गाड्या १ एप्रिल २०२० पासून रस्त्यावर आहेत आणि त्यांत डब्यांची संख्या वाढली आहे: युरियाचा वेगळा, ब्रेकचा वेगळा, मीटरचा वेगळा, आणि सगळे कॅनच्या दोन पिळलेल्या तारांवर एकमेकांशी बोलणारे. त्या गाड्याही म्हाताऱ्या होतील, आणि पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, शहराकडून तालुक्याकडे येतील. तिथं सर्व्हिस सेंटर नसेल. बल्ब घेऊन बसलेला कुणीतरी असेल, शहाणा आणि प्रामाणिक. त्याला गाडीनं उत्तर द्यायचं की नाही, हे कंपनीनं का ठरवावं?

मामा सध्या दुसरी एक जुनी गाडी बघताहेत, भावाच्या मुलासाठी. गेल्या महिन्यात कवठे महांकाळला एक पाहायला गेलो होतो. मालकानं टायर दाखवले, नवा रंग दाखवला, कागद पुढं केले. मामांनी टायरकडं पाहिलंच नाही. डबा मूळचा की बदललेला? बदलला असेल तर डेटा कुणी भरला, आणि त्याची पावती? इंजेक्टर बदललेत का, त्यांचे कोड टाकलेत का? चेसीसला वेल्डिंग कुठं-कुठं झालंय? मालकाला यातलं काही सांगता येईना. त्यालाही गाडी तशीच मिळाली होती. मामांनी वायरमन काकांना फोन लावला आणि म्हणाले, उद्या सकाळी तुमचा बल्ब घेऊन या, गाडी घाट चढवून तापवून बघू, मग किमतीचं बोलू.